एक पंचेचाळीसची बस

काकांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "एक पंचवीसची गेली. आता एक पंचेचाळीसची."

मावशी त्यांच्या पायाशी उकिडवी बसून मोजा खाली सरकवत होती. घोट्याच्या वर अंगठा दाबायचा, सोडायचा आणि पडलेला खळगा किती वेळानं भरतो ते पाहायचं, असं ती दिवसातून तीनदा करी. विमानात पाय लोंबकळत राहिल्यानं सूज असणारच होती. खळगा सावकाश भरला, पण भरला. तिनं मोजा वर ओढला, काकांच्या नखांचा रंग पाहिला आणि मग विचारलं, "कसली पंचेचाळीसची?"

"बस," काका म्हणाले. "दुसरी कसली?"

विमानतळाच्या दारातून माणसं सामानाच्या गाड्या ढकलत बाहेर पडत होती आणि कुणी ना कुणी हात हलवून त्यांना आपल्याकडे बोलावून घेत होतं. या दोघांना न्यायला निघालेली गाडी मात्र वाटेत बंद पडली होती. काकांच्या मुलाचा फोन नुकताच येऊन गेला होता. त्याच्या कारखान्यात त्या दिवशी तपासणी होती, वरचे साहेब आले होते, त्याला जागचं हलता येत नव्हतं. साडेतीनपर्यंत मी स्वतः येतो, तोवर आत गार हवेत बसा, चहा घ्या, आणि बाबांना कुठं फिरवू नका, असं त्यानं मावशीला बजावलं होतं.

मुलगा वाईट नव्हता. वडिलांच्या हृदयाची झडप निकामी झाल्याचं कळल्यापासून त्यानं मोठ्या इस्पितळात खटपट करून तारीख मिळवली होती, विमानाची तिकिटं काढली होती. स्वतःचं घर चौथ्या मजल्यावर, त्यात लिफ्ट नाही, म्हणून इस्पितळात भरती होईपर्यंत तीन दिवसांसाठी हॉटेलात तळमजल्यावरची खोलीही घेतली होती. त्याच्याकडे फक्त वेळ नव्हता. आणि वेळ हाच तर काकांचा जन्मभराचा धंदा.

याच शहराच्या बस कचेरीत, वेळापत्रक विभागात, काकांनी एकतीस वर्षं काढली होती. कुठली बस कुठून कधी सुटेल, कुठल्या स्टॉपवर किती वाजता पोचेल, शेवटच्या स्टॉपवर ड्रायव्हरला चहाला किती मिनिटं मिळतील, हे सगळं ते चादरीएवढ्या कागदावर पेन्सिलीनं आखत. एकेका मिनिटासाठी साहेबांशी असे हमरीतुमरीवर येत, की डेपोत त्यांचं नावच पडलं मिनिटकाका. निवृत्त झाल्यावर बायकोला घेऊन ते लांबच्या एका लहान गावी राहायला गेले. तिथं बायको गेली. मग पाय थकले, छाती थकली, आणि चार वर्षांपूर्वी एजन्सीमार्फत मावशी आली.

मावशीला सगळेच मावशी म्हणत, तिच्यापेक्षा सत्तावीस वर्षांनी मोठे असलेले काकासुद्धा. एवढ्या लोकांची मावशी, पण तिला सख्खी बहीण नव्हती. काकांच्या आधी तिनं सहा म्हाताऱ्यांचं केलं होतं आणि सहाही जणांचे डोळे तिच्याच हातानं मिटले होते. या कामात तिनं स्वतःपुरता एक नियम केला होता: नातेवाइकांचा शब्द आधी, पेशंटचा नंतर. कारण पेशंट निघून जातो आणि नातेवाईक राहतात, जाब विचारायला.

म्हणून ती म्हणाली, की धाकट्या साहेबांनी थांबायला सांगितलंय, आपण थांबू.

काकांनी वाद घातला नाही. पलीकडे बसच्या थांब्यावर लोक रांगेत उभे राहू लागले होते, तिकडे ते पाहत राहिले. थोड्या वेळानं त्यांनी सांगितलं, की ही विमानतळाची बस त्यांनीच आखलेली. तेव्हा इथं सगळी शेतं होती आणि दिवसाला चार विमानं यायची. बाहेरगावाहून आलेल्या नवख्या माणसाला एकदा बसलं की थेट शहरातल्या हॉटेलांपर्यंत पोचता यावं, मध्ये बस बदलावी लागू नये, म्हणून महिनाभर सायकलवरून फिरून त्यांनी हा रस्ता ठरवला होता. पण विमानातून उतरून त्या बसमध्ये बसायचा योग काही आला नव्हता, कारण विमानात बसायचाच आला नव्हता. तो आज आला, एकोणऐंशीव्या वर्षी.

"तो येईल, गाडीत घालून हॉटेलात नेऊन ठेवेल," काका म्हणाले. "सोमवारी इस्पितळात नेऊन ठेवेल. ठेवू दे. पण मधली ही पाऊण तासाची वाट माझी आहे, मावशी."

चार वर्षांत काकांनी तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. चहात साखर बंद झाली तेव्हा नाही, बाहेरच्या ओट्यावर बसणं बंद झालं तेव्हाही नाही. मावशीनं पुन्हा एकदा त्यांची नखं पाहिली, ओठ पाहिले. विमानातल्या खिडकीशी बसून आल्यामुळं की काय, चेहऱ्यावर तरतरी होती. तिनं पिशवी खुर्चीच्या दांडीला अडकवली, चाकाचा ब्रेक सोडला आणि खुर्ची थांब्याकडे वळवली. मुलाला फोन करायचं तिच्या मनात आलं. करू, हॉटेलात पोचल्यावरच करू, असं म्हणून तिनं ते पुढं ढकललं.

बस आली. ड्रायव्हर पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस होता. चाकाची खुर्ची पाहून तो न कुरकुरता खाली उतरला. दारातली लोखंडी फळी त्यानं उलटून रस्त्यावर टेकवली, खुर्ची वर ढकलली, खिडकीजवळच्या मोकळ्या जागेत लावून पट्टा आवळला. लाल बटण दाखवून सांगितलं, की उतरायचं असलं किंवा काही अडचण आली तर हे दाबा.

काकांनी त्याला विचारलं, की हल्ली टपाल कचेरीपर्यंत, म्हणजे हॉटेलांच्या स्टॉपपर्यंत, किती मिनिटं दिलीत.

"दिलीत बावन्न," ड्रायव्हर म्हणाला. "लागतात सत्तर. आखणारे पंख्याखाली बसून आखतात."

"आम्ही सेहेचाळीस दिली होती."

"आम्ही म्हणजे?"

काकांनी आपण कोण ते सांगितलं. ड्रायव्हर कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे पाहत राहिला आणि मग खो खो हसला. "म्हणजे माझा बाप डेपोतून घरी आला की ज्याला शिव्या घालायचा, तो माणूस तुम्ही," तो म्हणाला. काकांनी मान अशी लववली, जशी कुणी शाल अंगावर घातल्यावर लववतात. बस सुटली तेव्हा त्यांनी घड्याळ पाहिलं. एक सेहेचाळीस. एका मिनिटाला त्यांची हरकत नव्हती.

वाटेत ते बोलत राहिले. एरवी दोन वाक्यांनंतर त्यांना धाप लागे, म्हणून मावशी मधूनमधून हाताच्या खुणेनं त्यांना थांबवत होती. ते थांबत आणि पुन्हा सुरू करत. पुढचा स्टॉप कुठला, हे बसमधला रेकॉर्ड केलेला आवाज सांगायच्या आत ते सांगून टाकत. पाण्याची टाकी होती तिथं आता मोटारींचं दुकान होतं, पण स्टॉपचं नाव टाकीच. गिरणी पाडून काचेच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या, पण स्टॉप गिरणीचाच. नाव बदलायला चार सह्या लागतात, काका म्हणाले, म्हणून नावं टिकतात. समोरच्या सीटवरची, मांडीवर बॅग घेऊन बसलेली परगावची मुलगी त्यांचं बोलणं ऐकता ऐकता हसली. मावशीला वाटलं, बरं झालं आलो.

एका वळणानंतर काका एकाएकी गप्प झाले. रस्त्याच्या कडेला पिवळ्या रंगाची जुनी दुमजली इमारत होती. पुढं चार पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या बरोबर समोर बसचा स्टॉप. 'प्रसूतिगृह,' तो आवाज म्हणाला. या वेळी आधी काका काही बोलले नव्हते. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन एक बाई चढली, तिच्यामागून पिशव्या सांभाळत तिची सासू. त्या बसेपर्यंत काका पाहत राहिले.

"हा स्टॉप पूर्वी नव्हता," बस हलल्यावर ते म्हणाले. "गिरणीनंतर एकदम पुढचा चौक. चारशे मीटर मागं चालत यावं लागायचं. आमचं पहिलं मूल व्हायचं होतं तेव्हा ही शेजारणीबरोबर बसनं आली, चौकात उतरली आणि उन्हातून चालत मागं आली. मी कचेरीत वेळा आखत बसलो होतो."

मावशीनं त्यांना थांबायची खूण केली नाही.

"मुलगी झाली. कागदावर दोन्ही वेळा लिहिल्या होत्या. जन्म अकरा वाजून चार मिनिटं. मृत्यू अकरा वाजून वीस." त्यांनी श्वास घेतला. "डॉक्टर म्हणाले, चालण्याचा काही संबंध नाही, जीवच तेवढा होता. पण मला ते चारशे मीटरच दिसत राहिले. सात अर्ज केले. साहेब म्हणायचे, दोन स्टॉपमध्ये एवढं कमी अंतर नियमात बसत नाही. कारण म्हणून मी दर वेळी लिहिलं, प्रवाशांची सोय. तीन वर्षांनी स्टॉप मिळाला. मग हा झाला, तेव्हा ही इथं उतरली. अगदी पायरीशी."

मुलाला ठाऊक आहे का, असं मावशीनं विचारलं. काकांनी मान हलवली, नाही. हिनं कधी विषय काढला नाही, मग मीही नाही, असं म्हणाले. आणि मग त्यांचा आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला. "आता तीन स्टॉप राहिले," त्यांनी सांगितलं, आणि डोकं खिडकीच्या काचेला टेकवलं.

दमले, असं मावशीला वाटलं. ती पिशवीत हॉटेलचा कागद शोधू लागली. तो सापडला, तिनं पत्ता पुन्हा वाचला, टपाल कचेरीसमोर, स्टॉपवरून रस्ताही ओलांडायचा नाही. तिनं वर पाहिलं. काकांचा हात खुर्चीच्या हातावरून घसरून मांडीवर उताणा पडला होता, आणि बस खड्ड्यातून गेली तशी बोटं हलली, पण बसनं हलवली म्हणून.

तिनं मनगट धरलं. मग मानेपाशी दोन बोटं लावली. मग नाकापाशी हाताची पाठ नेली. सहा वेळा हे केलेल्या बाईला सातव्या वेळी कुणी सांगावं लागत नाही.

लाल बटण तिच्या खांद्याजवळ होतं. ते दाबलं असतं तर बस भर रस्त्यात थांबली असती, माणसं भोवती गोळा झाली असती, कुणीतरी काकांना खाली जमिनीवर आडवं घातलं असतं आणि कुणीतरी छातीवर बुक्के घालायला सुरुवात केली असती. गेल्या हिवाळ्यात इस्पितळात शेजारच्या खाटेवरच्या माणसाचं तसं झालेलं काकांनी पाहिलं होतं आणि दुसऱ्या दिवशी दाढी करून घेताना, गालाला साबण लावलेला असताना, ते मावशीला म्हणाले होते, की माझ्या बाबतीत हे नको. तिनं तेव्हा वस्तरा धुण्याचं निमित्त करून उत्तर टाळलं होतं.

तिनं बटण दाबलं नाही. काकांचा हात दोन्ही हातांत धरून ती बसून राहिली. दोन स्टॉप, एक सिग्नल. तिनं बरोबर केलं की चूक, हे तिला पुढंही कधी नक्की सांगता आलं नाही. समोरची मुलगी उतरताना काका झोपलेत असं समजून, पाऊल न वाजवता गेली.

टपाल कचेरीच्या स्टॉपवर ड्रायव्हर उतरून आला आणि फळी टेकवता टेकवता म्हणाला, की बघा काका, अडुसष्ट मिनिटं. मावशी हळूच म्हणाली, "काका गेले."

ड्रायव्हरनं एकदा काकांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. कधी, असं त्यानं विचारलं नाही. तो पुढं गेला, त्यानं इंजिन बंद केलं आणि प्रवाशांना सांगितलं, की बस दहा मिनिटं थांबेल. मग पट्टा सोडवून खुर्ची त्यानं स्वतः खाली घेतली. मागं दुसरी बस येऊन भोंगा वाजवू लागली, तरी त्यानं वळून पाहिलं नाही.

हॉटेलच्या पायऱ्यांशेजारी चाकांसाठी उतार होता. ड्रायव्हरनंच खुर्ची वर ढकलली. काचेचं दार उघडलं आणि काउंटरमागचा मॅनेजर हसत पुढं आला. जवळ आल्यावर त्याचं हसू उतरलं. तो घाईघाईनं, पण आवाज न चढवता सांगू लागला, की आत पाहुणे बसलेत, लहान मुलं आहेत, असं पुढच्या दारानं नेता येणार नाही. मागच्या गल्लीत सामानाचं दार आहे, तिथून घ्या, मी माणूस देतो.

मावशी जन्मात कधी हॉटेलात उतरली नव्हती. गुळगुळीत फरशीवर आपल्या चपला वाजतात याचीसुद्धा एरवी तिला लाज वाटली असती. तिनं पिशवीतून कागद काढून काउंटरवर ठेवला.

"खोली यांच्या नावावर आहे," ती म्हणाली. "हे सामान नाही."

मॅनेजरनं कागद पाहिला. मग तो बाजूला झाला, आणि लांब कॉरिडॉरमध्ये त्यांच्यापुढं चालत जाऊन त्यानंच खोलीचं दार उघडून धरलं. ड्रायव्हरनं पाय धरले, मावशीनं काखेतून हात घालून नेहमीसारखं उचललं. पलंगावर निजवून झाल्यावर ड्रायव्हर क्षणभर उभा राहिला. बस थांबलीय, असं अपराध्यासारखं म्हणाला आणि गेला.

मग तिनं मुलाला फोन केला.

तो यायच्या आत मॅनेजरनं बोलावलेले डॉक्टर येऊन गेले. त्यांनी तपासलं, कागद भरायला घेतला आणि विचारलं, की मृत्यूच्या वेळी जवळ कोण होतं. मी, मावशी म्हणाली. नातं विचारलं तेव्हा ती अडखळली. सोबतीला असते, म्हणाली. डॉक्टरांनी तेवढंच लिहिलं.

मुलगा आला तो तपासणीच्या वेळचं शिरस्त्राण हातात घेऊनच. वडिलांकडे त्यानं पाहिलं, पण जवळ गेला नाही. दारातच उभा राहून त्यानं विचारलं, की तुम्ही इथं आलात कशा. मावशीनं सांगितलं. त्याचा चेहरा लाल झाला.

"बसनं? छातीच्या पेशंटला बसनं आणलंत? मी थांबा म्हणालो होतो. मी येणार होतो."

काकांनी हट्ट धरला, हे तिला सांगता आलं असतं. तुमची गाडी आली नाही, हेही. दोन्ही खरं होतं. पण असे मुलगे तिनं पाहिले होते. ज्यांना रागवायला कुणी मिळत नाही ते पुढं आयुष्यभर स्वतःवर रागावत राहतात. साडेतीनला येण्याऐवजी मी दीडला आलो असतो तर, असं म्हणत राहतात. चारशे मीटर जन्मभर वागवलेल्या माणसाच्या शेजारून ती नुकतीच उठली होती.

"चूक माझी झाली," मावशी म्हणाली. "मला वाटलं, झेपेल."

मग तो बरंच बोलला. तिनं ऐकून घेतलं. बोलून संपलं तेव्हा तो खुर्चीत बसला आणि बऱ्याच वेळानं, खाली पाहत, विचारलं, "त्रास झाला का?"

"नाही. बोलता बोलता डोळा लागला, तसे गेले."

"काय बोलत होते?"

मावशीनं क्षणभर विचार केला. "तुमच्या आईबद्दल," ती म्हणाली. "तुम्ही झालात त्या दिवसाबद्दल. आई बसमधून अगदी पायरीशी उतरली होती, असं सांगत होते."

तेव्हा कुठं तो उठून पलंगापाशी गेला. मावशी बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन उभी राहिली आणि दार तिनं ओढून घेतलं.

अंत्यविधी संध्याकाळी झाले. सून आली, कारखान्यातली चार माणसं आली. त्याआधी मावशीनं काकांचं अंग पुसून, केस विंचरून, सुनेनं आणलेले नवे कपडे त्यांना घातले होते. निघताना मुलगा तिला म्हणाला, की तुम्ही इथंच थांबा, सामानापाशी. चला असं कुणी म्हणालं नाही, आणि गाडीत जागाही नव्हती. ती दारापर्यंत गेली आणि परत आली. खोलीत दोन पलंग होते. ज्या पलंगावर त्यांना निजवलं नव्हतं त्यावर ती बसली.

सातच्या सुमाराला एजन्सीच्या ताईंचा फोन आला. मुलाची तक्रार आली होती. नातेवाइकांना न विचारता पेशंटला हलवलं म्हटल्यावर आम्हाला काही करता येत नाही, ताई म्हणाल्या, यादीतून नाव काढावं लागेल. असं का केलंस, एवढंच त्यांना कळेना. एवढ्या वर्षांत तुझ्याबद्दल एक शब्द ऐकला नव्हता. मावशी बरं म्हणाली. आणखी काही सांगायचंय का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा नाही म्हणाली.

मुलानं काढून दिलेल्या तिकिटावर सकाळी दहाच्या विमानानं तिला परतायचं होतं. काकांची बॅग घ्यायला मुलगा साडेसातला येणार होता. ती लवकर उठली. औषधं एका डब्यात, कागदपत्रं एका पाकिटात, चष्मा मोज्यात गुंडाळून, असं तिनं सगळं लावलं. काकांनी प्रवासात घातलेला शर्ट रात्री धुऊन न्हाणीघरात टांगला होता, तो वाळला होता, पण चुरगळलेला. कपाटात इस्त्री सापडली. टेबलावर टॉवेल पसरून तिनं शर्टाला इस्त्री केली, आधी कॉलर, मग बाह्या, मग पाठ. सगळी बटणं लावली आणि घडी घालून तो सर्वांत वर ठेवला, तोवर साडेसात होत आले होते.

मुलगा वेळेवर आला. रात्रभर झोप नसल्याचं त्याच्या डोळ्यांवरून दिसत होतं. काल जास्त बोललो असं काहीतरी पुटपुटून त्यानं बॅग पाहायला घेतली. मावशीनं काय कुठं ठेवलंय ते एकेक सांगितलं. तो हो हो म्हणत होता. बॅग बंद करण्यासाठी त्यानं वरचा शर्ट आत दाबला, आणि त्याचा हात तिथंच थांबला.

शर्ट अजून ऊबदार होता.

हात त्यानं काढला नाही. मावशीनं आपली पिशवी खांद्याला लावली होती, पण त्याचं होईपर्यंत ती दारापाशी थांबून राहिली.